न्हाणीघरातील निळी ज्योत

थंडीचे दिवस सुरू झाले की महाराष्ट्रातील वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक बातमी अधूनमधून दिसू लागते. ती चार-सहा ओळींची असते. कोणी विद्यार्थिनी, कोणी नवविवाहित दांपत्य, कोणी परीक्षेच्या दिवशी पहाटे उठलेला मुलगा स्नानासाठी गेला. बराच वेळ झाला तरी बाहेर आला नाही. घरच्यांनी हाका मारल्या, दार ठोठावले. आतून पाणी पडण्याचा आवाज तेवढा येत होता. अखेर कडी तोडण्यात आली. पुढे 'गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू' एवढे निदान आणि 'पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली आहे' हे ठरलेले वाक्य. वाचणारा क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. त्याच्या घरच्या न्हाणीघरातही त्याच जातीचा गिझर भिंतीवर टांगलेला असतो. पण बातमीतील गिझर आणि आपला गिझर यांचा काही संबंध असेल असे त्याच्या मनात येत नाही.

'आकस्मिक' हा शब्द येथे फार सोयीचा ठरला आहे. माणसाच्या अंगावर वीज कोसळणे आकस्मिक म्हणता येईल. परंतु जी गोष्ट दर वर्षी, त्याच ऋतूत, त्याच आकाराच्या खोलीत, त्याच यंत्राखाली आणि त्याच क्रमाने घडते, तिला आकस्मिक म्हणणे म्हणजे तिच्या कारणाचा शोध घेण्यास नकार देणे होय. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या दिवशी रंग खेळून न्हाणीघरात गेलेल्या जोडप्यांच्या मृत्यूच्या बातम्या मुंबईतून आणि उत्तर प्रदेशातून आल्या, तेव्हाही संशयाचे बोट गॅस गिझरकडेच वळले होते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळहून आलेले आठ प्रवासी, त्यांत लहान मुलेही होती, कडाक्याच्या थंडीमुळे खोलीत गॅसचा हीटर लावून, दारेखिडक्या बंद करून झोपले. सकाळी ते बेशुद्धावस्थेत सापडले आणि आठही जण दगावले. मुंबईतील न्हाणीघर आणि हिमालयातील विश्रामगृह यांत साम्य काही नाही. साम्य आहे ते एवढेच, की दोन्हीकडे बंद जागेत ज्योत पेटवली गेली, तिला लागणारा गॅस पुरवला गेला, आणि तिला हवाही लागते याचा विसर पडला.

धुराचा पहारा

मराठी घरात पाणी तापवणे हे पूर्वी घराबाहेरचे, निदान घराच्या कडेचे काम होते. परसदारी चुलवण असे. त्यावर हंडा चढे. वाड्यांतून तांब्याचा बंब आला. या बंबाची रचना नीट पाहिली तर ती करणाऱ्या तांबटाच्या शहाणपणाचे कौतुक वाटते. मधोमध उभी नळी, तिच्यात कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी, खाली राख पडण्यास व हवा आत येण्यास जाळी, वर धूर जाण्यास तोंड. म्हणजे ज्योतीला हवा कोठून मिळणार आणि तिचा धूर कोठे जाणार, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या भांड्यातच दिलेली होती. शिवाय हा बंब पडवीत, अंगणात नाही तर चाळीच्या सार्वजनिक मोरीजवळ पेटे. पाणी तापले की ते घंगाळात काढून आत नेत. आग बाहेर राही, पाणी आत येई.

आणि चुकून आग आत आलीच, तर धूर तिच्याबरोबर येई. धुराने डोळे चुरचुरत, खोकला येई, घरातील मोठे माणूस 'अरे, खिडकी उघडा' म्हणून ओरडे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. चुलीच्या धुराने या देशातील स्त्रियांच्या डोळ्यांची आणि फुप्फुसांची जी हानी केली, आणि खेड्यापाड्यांतून आजही जी होत आहे, तिच्यापुढे धुराची ही एक चाकरी अगदी क्षुल्लक ठरते. पण ती चाकरी होती हे नाकारता येत नाही. बंद खोलीत काही बिघडत चालले आहे, हे धूर माणसाला सांगत असे. धूर नसलेल्या निखाऱ्यांचे मात्र तसे नव्हते. बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवलेली शेगडी, ओवा-शेपांची धुरी, वारा लागू नये म्हणून घट्ट लावलेली दारे आणि कपड्यांनी बुजवलेल्या फटी, हे दृश्य दोन पिढ्यांपूर्वीच्या घराघरांत असे. अशा खोलीत बसून 'डोके जड झाले' म्हणणाऱ्या बायकांची ती तक्रार बाळंतपणाच्या अशक्तपणात जमा होई. निखारे धूर सोडत नव्हते. पण विषारी वायू सोडतच होते.

मुंबईत १९५५ साली सिलिंडरमधील गॅस घरगुती वापरासाठी आला आणि पुढच्या काही दशकांत तो गावोगावच्या ओट्यांवर पोचला. त्याच्या निळ्या ज्योतीने भांडी काळी होणे थांबले, घरातील बाईचा दिवस मोकळा झाला. हे परिवर्तन स्वागतार्हच होते. ओट्यावरून ही ज्योत पुढे न्हाणीघरात गेली. महाराष्ट्रात २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने लोक हैराण झाले होते. सकाळच्या ऐन वेळी वीज नाही, आणि असली तरी जुन्या इमारतींतील तारा मोठ्या विजेच्या गिझरचा भार सोसतील याची खात्री नाही, अशा अवस्थेत तोटी फिरवताच गरम पाणी देणारा, विजेशिवाय चालणारा, आकाराने आटोपशीर आणि किमतीने परवडणारा गॅस गिझर मध्यमवर्गीयांना आवडला यात नवल नव्हते. मात्र बंब जेथे कधीच ठेवला गेला नसता, त्या कडी लावलेल्या पाच फूट रुंद खोलीत, स्नान करणाऱ्याच्या डोक्याजवळच तो टांगला गेला. ज्योत निळी होती, स्वच्छ होती, धूर दिसत नव्हता. म्हणून ती निरुपद्रवी मानली गेली.

हवेचा हिशेब

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकाला हा हिशेब फळ्यावर मांडता येईल आणि त्याने तो मांडावाच. बाजारातील सर्वसाधारण गॅस गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी सुमारे २५ अंशांनी तापवतो. एवढी उष्णता निर्माण करण्यास त्याला तासाला एक किलोच्या जवळपास गॅस जाळावा लागतो. ओट्यावरच्या शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडला तरी तासाला दीडशे-दोनशे ग्रॅम गॅस घेतो. म्हणजे एक गिझर हा पाच-सहा मोठ्या बर्नरांच्या तोडीचा असतो. ओट्यावर एकाच वेळी पाच बर्नर पूर्ण पेटवून स्वयंपाकघराची दारेखिडक्या लावून घेण्याचे धाडस कोणी करणार नाही; पण न्हाणीघरात रोज सकाळी नेमके तेच घडते.

आता हवेकडे पाहू. एक किलो गॅस पुरता जळण्यासाठी सुमारे १३ घनमीटर, म्हणजे साडेचारशे घनफुटांहून अधिक हवा लागते. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा न्हाणीघरात एकूण हवाच ३१५ घनफूट असते. अर्थात गिझर तासभर चालला तर खोलीतील सगळी हवा आणि वर तिच्या निम्मी हवा त्याला हवी. स्नान तासभर चालत नाही, हे खरे. पण पंधरा मिनिटांच्या स्नानातही तो खोलीतल्या हवेच्या एक तृतीयांशाहून अधिक हवेतील प्राणवायू फस्त करतो. खोली पुरती बंद असेल, तर हवेतील प्राणवायूचे प्रमाण नेहमीच्या २१ टक्क्यांवरून सात-आठ मिनिटांतच १७ टक्क्यांच्या आसपास येते.

हाच हिशेब दुसऱ्या रीतीने मांडला तर अधिक बोलका होतो. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे पंधरा लिटर प्राणवायू वापरतो. गिझर त्याच तासात सुमारे २,७०० लिटर वापरतो. म्हणजे प्राणवायूच्या दृष्टीने पाहता, न्हाणीघरातला तो पेटलेला डबा दीडशेहून अधिक माणसांच्या बरोबरीचा आहे. दीडशे माणसे एका न्हाणीघरात कोंडली आणि वरचा झरोकाही बंद केला, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एकशे-एकावन्नावा माणूस स्नान करणारा.

केवळ प्राणवायू कमी होणे एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर माणसाला धाप लागली असती, जीव घाबरला असता, आणि बहुधा तो दार उघडून बाहेर पळाला असता. परंतु ज्योतीचा स्वभाव निराळा आहे. पुरेशी हवा मिळेपर्यंत ती गॅसमधील कर्बाचा पुरता कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बनवते. हवा कमी पडू लागली, किंवा स्वतःच सोडलेली वाफ आणि कर्बवायू पुन्हा तिच्याच तोंडाशी येऊ लागले, की तिचे काम अर्धवट राहते आणि त्या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पंधरा मिनिटांत गिझर सुमारे चारशे लिटर कर्बवायू निर्माण करतो. त्यातील चाळिसावा भाग जरी अर्धवट जळून निघाला, तरी नऊ घनमीटरच्या त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण हजारात एक एवढे होते. आणि गुदमरू लागलेली ज्योत चाळिसाव्या भागावर थांबत नाही. हवा जसजशी बिघडते, तसतशी ज्योत बिघडते. ज्योत बिघडली की हवा आणखी बिघडते.

गिझर जुना झाला की यात भर पडते. बर्नरच्या छिद्रांत धूळ आणि तंतू बसतात. तांब्याच्या पात्यांच्या फटींत काजळी धरते. वर जाणाऱ्या वायूंची वाट अडते. निळी ज्योत पिवळी, लांबट, लवलवती दिसू लागते. हे लक्षण ओट्यावर असते तर गृहिणीने पहिल्याच दिवशी ओळखले असते, कारण तिचे भांडे काळे पडले असते. गिझरची ज्योत पत्र्याच्या पेटीत लपलेली असते, आणि नळाला गरम पाणी येते आहे तोवर पेटी उघडून पाहण्याची बुद्धी कोणाला होत नाही.

रंग नाही, वास नाही

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिनला मात्र त्याची ओढ प्राणवायूच्या दोनशेपटीहून अधिक आहे. हवेत प्राणवायू २१ टक्के आणि हा वायू केवळ ०.१ टक्का, म्हणजे प्राणवायूच्या दोनशेदहाव्या हिश्शाइतका असला, तरी पुरेसा वेळ मिळताच तो रक्तातील जवळजवळ निम्मे हिमोग्लोबिन बळकावतो. हिमोग्लोबिन रक्तातच असते, रक्त फिरतही असते. पण त्याच्या पाठीवरची जागा भलत्याच प्रवाशाने अडवलेली असते. प्रमाण वाढेल तसा वेळ कमी लागतो. हवेत ०.३२ टक्के कार्बन मोनॉक्साइड असता पाच-दहा मिनिटांत डोके दुखून गरगरू लागते आणि अर्ध्या तासात प्राणावर बेतते, ०.६४ टक्के असता हीच मजल दहा-पंधरा मिनिटांत गाठली जाते.

स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन याने हा वायू स्वतः हुंगून, आपल्याच रक्ताचे थेंब तपासून आपली निरीक्षणे १८९५ साली प्रसिद्ध केली. कोळशाच्या खाणींत स्फोटानंतर मजूर कशाने मरतात याचा तो शोध घेत होता. ते बहुतांशी आगीने किंवा आघाताने नव्हे, तर या वायूने मरतात असे त्याने दाखवून दिले. खाणीत कॅनरी पक्ष्याचा पिंजरा नेण्याची प्रथा त्याच्याच सूचनेतून रूढ झाली आणि ब्रिटनच्या खाणींत ती १९८६ पर्यंत टिकली. हॉल्डेनच्या स्वानुभवातील एक तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. विषबाधा वाढत गेल्यावर शुद्ध हरपण्याआधीच पाय लटके पडू लागतात. माणसाला काही तरी चुकते आहे एवढे कळते. पण उठून चार पावले चालण्याची ताकद उरलेली नसते. न्हाणीघराची कडी हाताच्या अंतरावर असूनही ती का काढली गेली नाही, असा प्रश्न मृताच्या आप्तांना आयुष्यभर छळतो. त्याचे उत्तर येथे आहे. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधील आपल्या राहत्या घरी शेगडीचे धुराडे चोंदल्यामुळे याच वायूने मरण पावला. तो जमिनीवर पडलेला सापडला. पलंगावरची त्याची पत्नी वाचली.

या वायूविषयी सुशिक्षितांतही काही गैरसमज पक्के झालेले आहेत. पहिला वासाचा. 'गॅस असता तर वास आला असता' असे सर्रास ऐकू येते. सिलिंडरमधील गॅसला जो उग्र दर्प येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. तो गॅस न जळता बाहेर पडला तर येतो. येथे गॅस गळलेला नसतो, तो जळलेला असतो, आणि जळताना तो दर्पही जळून गेलेला असतो. नळीने येणारा नैसर्गिक गॅस वापरला म्हणजे धोका टळला, ही समजूतही अशीच निराधार आहे. ज्योत कोणत्याही गॅसची असो, हवा कमी पडली की तिचे विष तेच.

दुसरा गैरसमज नवा आहे. कोविडच्या साथीने २०२० आणि २०२१ साली घरोघरी बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर आणून ठेवले. न्हाणीघरातून भोवळ येऊन बाहेर आलेल्या माणसाच्या बोटाला घरचे लोक ते लावतात, आकडा ९८ दिसतो आणि सर्वांचा जीव भांड्यात पडतो. हे साधे यंत्र कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूने भरलेले समजते. आकडा चांगला दिसतो आणि मेंदू उपाशी असतो. खरी परीक्षा रक्त तपासूनच होते आणि उपचार म्हणजे रुग्णाला तत्काळ मोकळ्या हवेत आणून, रुग्णालयात मुखवट्याने शंभर टक्के प्राणवायू देणे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार-पाच तास घेतो. शुद्ध प्राणवायूवर तासा-दीड तासात निम्मा होतो. एकदा बरे वाटले म्हणून निर्धास्त होता येत नाही. काहींना काही दिवसांनी, काहींना महिनाभरानेही, विस्मरण, चालण्यातील तोल जाणे, स्वभावातील बदल अशा तक्रारी सुरू होतात.

तिसरी चूक निदानाची आहे आणि ती अधिक दुःखद आहे. न्हाणीघरात अचानक बेशुद्ध पडलेल्या, हातपाय झटकणाऱ्या तरुण मुलीला अपस्मार, म्हणजे फेफरे, ठरवून तिला वर्षानुवर्षे गोळ्या चालू ठेवल्याची उदाहरणे भारतीय मज्जातंतुतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. दक्षिण भारतात डोक्यावर गरम पाणी घेताना येणाऱ्या फेफऱ्याचा एक प्रकार परिचित असल्याने हा घोटाळा अधिकच सुलभ होतो. आपल्या समाजात फेफरे येणारी मुलगी म्हणून शिक्का बसला, की तिच्या शिक्षणावर, विवाहावर काय परिणाम होतो ते सांगायला नको. 'गिझर गॅसचा आहे काय, आणि तो कोठे बसवला आहे?' हा एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला असता, तर तो शिक्का टळला असता.

बंद झरोके

न्हाणीघराची निदान एक भिंत बाहेरच्या हवेला लागून असावी, हे आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेचे जुनेच सूत्र आहे. नकाशावर ते पाळलेही जाते. प्रत्यक्षात ती बाहेरची हवा म्हणजे दोन इमारतींमधील किंवा चार सदनिकांमधील अरुंद डक्ट असतो. त्यात सांडपाण्याचे नळ, तारांची भेंडोळी, कबुतरांची घरटी आणि त्यांवर उपाय म्हणून लावलेली जाळी. डक्टाकडच्या झरोक्याला काचेच्या तिरप्या पट्ट्या असतात. त्यांतील दोन फुटल्या म्हणून पुठ्ठा लावला जातो. डास येतात म्हणून प्लास्टिक ताणले जाते. समोरच्याला दिसते म्हणून रंगीत कागद चिकटतो. घराचे नूतनीकरण निघाले, की छताला पीओपी येते, झरोक्याच्या जागी सरकती काच येते, आणि दाराखाली जी बोटभर फट होती तिलाही पाणी बाहेर येते म्हणून उंबरठ्याचा दगड बसतो. प्रत्येक सुधारणा घरमालकाच्या दृष्टीने रास्तच असते. सगळ्या मिळून ती खोली बाटलीसारखी बंद होते. ऐन थंडीत, गार वारा नको म्हणून, जे उघडे राहिले असेल तेही लावून घेतले जाते. गिझर सर्वांत जास्त वेळ चालतो तो नेमका त्याच महिन्यांत. आणि एकामागून एक चार माणसांची स्नाने उरकायची असली, तर चौथ्याच्या वाट्याला पहिल्या तिघांनी वापरलेली हवा येते. मृतांत घरातील धाकट्यांची नावे दिसतात ती उगाच नव्हे.

'आम्ही एक्झॉस्ट पंखा लावला आहे' हे उत्तर हमखास मिळते. पंखा हवा बाहेर फेकतो. पण जितकी बाहेर जाईल तितकी कोठून तरी आत आली पाहिजे. दार घट्ट, उंबरठा उंच आणि खाली जाळी नाही, अशा खोलीत पंखा नुसताच गरगरतो. शिवाय तो आवाज करतो म्हणून, वीज गेली म्हणून किंवा थंडी वाजते म्हणून बंद राहतो. माणसाच्या बटण दाबण्यावर अवलंबून असलेली सुरक्षितता ही अर्धवट झोपेतल्या पहाटेच्या साडेपाचला टिकत नाही. गिझरमध्ये वीस मिनिटांनी ज्योत आपोआप विझवण्याची जी योजना पुष्कळ उत्पादक करतात, तिचेही तेच. वीस मिनिटे ही मुदत किती अपुरी आहे ते वरच्या हिशेबावरून दिसतेच. आणि ज्योत विझली तर तोटी बंद करून पुन्हा उघडायची, ही युक्ती घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

जबाबदारी कोणाची?

इतर देशांनी हा प्रश्न नागरिकांच्या सावधगिरीवर सोडला नाही. ब्रिटनच्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार न्हाणीघरात गॅसचे उपकरण बसवायचे असेल, तर ते बंद कोठ्याचेच असावे लागते. म्हणजे जळण्यासाठी हवा नळीने थेट बाहेरून घेणारे आणि धूरही नळीने थेट बाहेर सोडणारे. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच नसतो. घर भाड्याने देणाऱ्याने गॅसच्या उपकरणांची दर वर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घ्यावी आणि तिचा दाखला भाडेकरूला द्यावा, असेही बंधन तेथे आहे. चीनने तर १९९९ साली धुराडे नसलेल्या स्नानाच्या गिझरांचे उत्पादनच बंद करण्याचा निर्णय घेतला. दोन्ही देशांत हे शहाणपण आपोआप आले नाही. तेथेही आधी माणसे मेली.

आपल्याकडे अशा लहान गिझरांसाठी भारतीय मानक संस्थेचे आयएस १५५५८ हे मानक २००५ पासून आहे. पण मानक यंत्राविषयी बोलते. ते यंत्र दुकानातून निघून ज्या भिंतीवर जाते, त्या भिंतीविषयी बोलणारे कोणी नाही. गिझरसोबतच्या पुस्तिकेत 'हवेशीर जागी बसवावा' असे बहुधा बारीक अक्षरांत छापलेले असते. दुकानदाराने पाठवलेला कारागीर पुस्तिका वाचत नाही. त्याला पाण्याचा नळ जेथे आहे तेथे गिझर टांगायचा असतो, कारण नळी कमी लागते. ग्राहकालाही तेच हवे असते, कारण गरम पाणी लवकर येते. गॅस वितरकाचा माणूस ठरावीक वर्षांनी सक्तीच्या तपासणीसाठी घरी येतो. तो रबरी नळी, रेग्युलेटर आणि शेगडी पाहून सही घेतो. गळतीचा धोका त्याच्या कागदावर आहे, हवेचा नाही. सिलिंडरची नळी भिंतीतून पलीकडे न्हाणीघरात गेली आहे, हे त्याला समोर दिसत असते.

या साखळीत सर्वांत असहाय असतो तो भाडेकरू. शहरात शिकायला आलेले विद्यार्थी, बदलीवर आलेले कारकून, नव्याने संसार मांडलेली जोडपी ज्या खोल्यांत राहतात, तेथील गिझर त्यांनी निवडलेला नसतो, बसवलेला नसतो, आणि तो किती वर्षांचा आहे हेही त्यांना माहीत नसते. विजेचे बिल वाढू नये म्हणून मालकाने तो लावलेला असतो. एका खोलीत चार मुले राहत असली तर सकाळी साडेसहा ते आठ तो अखंड पेटलेला असतो. अशा जागांचे भाडेकरार अकरा महिन्यांचे होतात, त्यांत भिंतीवरील खिळ्यांपर्यंतच्या अटी असतात. गिझरच्या तपासणीचे एक कलम त्यांत घालणे कोणाला सुचत नाही. कायदा येईल तेव्हा येवो, वसतिगृहांचे चालक, महाविद्यालये आणि गृहनिर्माण संस्था यांना स्वतःचा नियम करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. इमारतीचा रंग कोणता असावा यावर दोन-दोन तास चालणाऱ्या वार्षिक सभांत, कोणत्या सदनिकेत गॅस गिझर आत आहे याची एक साधी यादी करण्याचा ठराव दहा मिनिटांत होऊ शकतो.

उपाय अवघड नाही, आणि तो बंबाच्या काळाइतका जुना आहे. आग बाहेर, पाणी आत. गिझर न्हाणीघरातून काढून ड्राय बाल्कनीत किंवा उघड्या सज्जात, पावसाचा मारा लागणार नाही अशा ठिकाणी टांगावा आणि तेथून गरम पाण्याचा नळ आत घ्यावा. ती बाल्कनी सरकत्या काचांनी बंद करून तिची खोली केलेली नसावी, एवढे पाहावे. कारण तसे असेल तर विष फक्त एका दारापलीकडे सरकते. जेथे बाल्कनीच नाही तेथे विजेचा गिझर किंवा, गच्ची मोकळी असेल तर, सौर बंब. पुण्यासारख्या शहरात सौर बंबासाठी मालमत्ता करात सवलतही मिळत आली आहे. हे दोन्ही होईपर्यंत, आणि केवळ तोपर्यंतच, दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, झरोका उघडून खोलीतील हवा बदलू द्यावी आणि मग कडी लावून स्नान करावे. दाराच्या तळाशी जाळी आणि वर कायम उघडा झरोका, ही जोडी गिझर असो वा नसो, असावीच.

खर्चाचा आक्षेप येईल. आठ-दहा फूट नळ लांबवणे, भिंतीला एक भोक पाडणे आणि दोन लाद्या बदलणे, हे प्लंबरचे व गवंड्याचे मिळून एका दिवसाचे काम आहे. नळाचे अंतर वाढल्याने सुरुवातीचे एक-दोन तांबे पाणी थंड येईल. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात आणि डिसेंबरात हे कारागीर हाताला लागत नाहीत. तेव्हा काम करून घ्यायचे ते दसरा आणि नरकचतुर्दशी यांच्या मधल्या पंधरा-वीस दिवसांत, पहिल्या अभ्यंगस्नानाचे पाणी तापण्यापूर्वी.